आम्ही तिघं आणि ह्या

माझ्या नवऱ्याला ‘आपण’ म्हणायची सवय होती. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या कानाला पहिल्यांदा काही वेगळं लागलं असेल तर ते हेच. हे बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहेत. दिवसभर एका पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोर बसायचं आणि पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या रिकाम्या बाटल्यांतून जिच्यात बुडबुडा असेल, जिला केसाएवढी चीर असेल, ती उचलून बाजूला टाकायची, हे यांचं काम. संध्याकाळी घरी आले की डोळे चोळत म्हणायचे, “आज आपण फार बाटल्या बघितल्या बुवा,” जसं काही मीसुद्धा शेजारच्या स्टुलावर बसून यांच्याबरोबर बघत होते. “आपलं डोकं दुखतंय.” “आज साहेब आपल्याला बोलले.” सुरुवातीला मला हसू यायचं. डोकं तुमचं दुखतंय, त्यात मला कशाला ओढता, असं मी म्हणायचेसुद्धा. पुढं मात्र त्या शब्दाची ऊब लागली. शाळेत बाईंनी फळ्यावर गोल काढून शिकवलं होतं, ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा गोलाच्या बाहेर आणि ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा गोलाच्या आत. सातवीनंतर शाळा सुटली, बाकीचं व्याकरण कुठल्या कुठं गेलं, एवढं एक डोक्यात राहिलं. आणि मला वाटायचं, आपला नवरा जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला गोलाच्या आत घेतल्याशिवाय बोलतच नाही, अजून काय पाहिजे.

ठकू झाली त्यानंतर मी फार घाबरट झाले. तिला ताप आला की मला दरदरून घाम फुटायचा, ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. “आपण इतकं घाबरायचं नाही,” हे म्हणायचे, आणि त्या ‘आपण’नेच मी सावरायचे. म्हणून हे सगळं सांगताना मला कळत नाही की माझ्या भित्र्या स्वभावानं मी काही भलतंच ऐकलं, की खरंच तसं झालं. जसं झालं तसं सांगते.

यांना कारखान्यात वीस वर्षं झाली त्याचा कार्यक्रम होता. पोरसवदा वयात लागले होते तिथं. तपासणीच्या खोलीतल्या बाकांवरून बाटल्यांचे ट्रे उचलून खुर्च्या मांडल्या होत्या, पट्टा बंद होता, आणि मागचा पांढरा पडदा मात्र कुणीतरी चालूच ठेवला होता, त्यामुळे समोर उभं राहून बोलणाऱ्याचा चेहरा काळा दिसायचा. ठकू माझ्या मांडीवर होती. यांच्या शेजारच्या जागेवर बसणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो. मामा माझ्या बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, “काय सूनबाई, तुम्हाला बघायला आला होता तेव्हा यानं तुम्हालाही उजेडात धरून बघितलं होतं का?”

“बघितलं असेल,” मी म्हटलं, “पण बुडबुडा सापडला नाही त्यांना.”

“सापडला असेल हो! ही सोडली तर दुसरी कोण वाट बघत बसलीय, म्हणून बाजूला टाकायची हिंमत झाली नसेल.” असं म्हणून मामा स्वतःच इतके हसले की साहेबांनी मान वळवून बघितलं.

मग साहेब चार शब्द बोलले, फुलांचा गुच्छ दिला, विजेच्या वस्तूंच्या दुकानाचं एक कूपन दिलं आणि यांना बोलायला सांगितलं. हे कधी चारचौघांत बोलत नाहीत. कागद नाही, काही नाही, नुसतेच उभे राहिले आणि म्हणाले, “वीस वर्षं कशी गेली कळलं नाही. घरी आम्ही नेहमी म्हणतो, की बाटली रिकामी असते तेव्हाच तिच्यातलं दिसतं. आम्ही घरी फार सुखात आहोत. या कूपनातून आम्ही घरासाठी काहीतरी घेऊ.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, ठकूचे दोन्ही हात धरून तिच्याकडूनही वाजवून घेतल्या. पण बाटलीचं ते वाक्य यांच्या तोंडून मी आधी कधीच ऐकलेलं नव्हतं. घरी आम्ही नेहमी म्हणतो. नेहमी म्हणजे कधी?

लोकांसमोर बोलताना ‘आम्ही’च म्हणतात, त्यात काय एवढं, अशी मीच माझी समजूत काढली. घरी जाताना यांनी ठकूला खांद्यावर घेतलं होतं आणि गुच्छ माझ्या हातात होता. मी सहज म्हटलं, “छान बोललात. पण ते बाटलीचं कुठून सुचलं?”

“सुचलं कुठलं, आम्ही बोलतोच की ते.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे आम्ही,” हे म्हणाले, आणि मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्याप्रमाणे माझ्याकडे बघून हसले.

कूपन होतं म्हणून त्याच आठवड्यात दुकानात गेलो. मला किती दिवसांपासून कपडे धुण्याचं मशीन पाहिजे होतं, ठकूच्या कपड्यांनी माझ्या बोटांची सालं निघायची. शिवाय मिक्सर घ्यायचा होता, जुन्याचं झाकण हातानं दाबून धरावं लागायचं, आणि जमलं तर पाणी तापवायची विजेची किटली. दुकान नुसतं झगमगत होतं. सगळ्या मशीनांची गोल दारं उघडी होती आणि ठकू प्रत्येकात डोकं घालून “कू” करून बघत होती. दुकानातल्या मुलीनं विचारलं, “घरी माणसं किती? त्यावर किती किलोचं घ्यायचं ते ठरतं.”

“आम्ही तिघं,” हे म्हणाले, आणि मग माझ्याकडे हात करून, “आणि ह्या.”

मुलीनं मान डोलावली. “चौघं. मग आठ किलोचं बघा.”

मी म्हटलं, “अहो, तिघंच ना आपण!”

“तिघंच की,” हे म्हणाले, आणि मुलीकडे वळून, “तरी आठचंच द्या. येणंजाणं असतं.” इतकं सरळ, इतकं नेहमीच्या आवाजात, की चूक बोलण्यात झाली की ऐकण्यात तेच मला कळेना. मला पांढरं आवडलं होतं. हे राखाडी मशीनवरून हात फिरवत म्हणाले, “आमच्याकडे हे शोभेल.” मग मला विचारलं, “तुमच्याकडे कुठल्या रंगाचं आहे?” मला वाटलं माझ्या माहेरचं विचारताहेत. माहेरी मशीनच नाही, हे यांना चांगलं ठाऊक आहे. तरी मी उत्तर दिलं. “आमच्याकडे नाही,” असं मी म्हटलं, आणि म्हटल्यावर लक्षात आलं, की माझ्या तोंडूनही तोच शब्द आला होता.

मशीन घरी आलं. दोन माणसांनी ते उचलून न्हाणीघराच्या दाराशी ठेवलं आणि जोडणारा माणूस वेगळा येईल म्हणून सांगून गेले. तो आला तेव्हा मी ठकूला भरवत होते. त्यानं पायातले बूट काढले, मला काही न विचारता सरळ आत गेला, न्हाणीघराचा दिवा लावला. आमच्या घरात तो दिवा दाराच्या आत, अवघड जागी आहे, नवख्या माणसाला कधीच सापडत नाही. मग नळाला पाईप लावता लावता तो तिथूनच म्हणाला, “मॅडम नाहीत का घरी?”

“कोण मॅडम?”

“घरातल्या.”

“मीच घरातली,” मी म्हटलं.

तो बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. वाईट नजरेनं नाही, आपलीच काही गफलत झाल्यासारखा. “असं होय,” तो म्हणाला. “माफ करा हां. मला वाटलं तुम्ही पाहुण्या आहात. परवा माप घ्यायला आलो होतो ना, तेव्हा त्या होत्या.”

“परवा कुणीच आलं नव्हतं. मी दिवसभर घरातच होते.”

“आलो होतो की. त्यांनीच दिवा लावून दाखवला, नळ इकडे नको तिकडे घ्या म्हणाल्या. ही छोटी त्यांच्या कडेवर होती. ठकू ना तू?” आणि ठकू, जी अनोळखी माणूस दिसला की माझ्या पदरात तोंड लपवते, ती त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली.

मी चमचा वाटीत ठेवला. परवा दुपारी मी ठकूला घेऊन पडले होते, माझा डोळा लागला होता, एवढंच मला आठवत होतं. “दिसायला कशा होत्या?” मी विचारलं.

त्यानं बराच विचार केला. “आता कसं सांगू,” तो म्हणाला. “घरच्या बाईसारख्या.”

संध्याकाळी यांना हे सगळं सांगितलं. हे नवीन किटलीत पाणी घालून ते तापताना बघत बसले होते. म्हणाले, “चुकला असेल. दिवसाला दहा घरं फिरतात ती माणसं.”

“पण त्याला ठकूचं नाव माहीत होतं. दिवा कुठं आहे ते माहीत होतं. परवा घरात कोण होतं मग?”

“कोण असणार? आम्हीच होतो.”

“तुम्ही तर कामावर गेला होतात!”

“हो ना,” हे म्हणाले, जसं काही या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतच नाहीत. मग कपात चहा ओतला, बशी लावली आणि कप माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “घ्या.”

मला आधी थट्टाच वाटली. आमच्याकडे ‘अहो’ मी म्हणायचं आणि ‘अगं’ यांनी म्हणायचं, हे इतकं ठरलेलं की त्याची अदलाबदल म्हणजे विनोदच. मी म्हटलं, “सत्कार झाल्यापासून फार मानानं बोलायला लागलात.” हे नुसते हसले. पण दुसऱ्या दिवशीही तेच. “अहो, साखर पुरेल का?” “तुम्ही जेवून घ्या, आमचं होईल मागाहून.” “दार लोटून घ्या, वारा लागेल तुम्हाला.” यांच्या आवाजात राग नव्हता, तुटकपणा नव्हता. भांडणातला ‘तुम्ही’ मला कळला असता. यांचा ‘तुम्ही’ अदबीचा होता, आणि अदबीशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. एकदा रडकुंडीला येऊन मी म्हटलं, “मला तू म्हणा की हो.” तर हे ओशाळले. अगदी खरोखर ओशाळले, आणि खाली बघत म्हणाले, “असं कसं, बरं दिसत नाही.”

घरात कामं आपोआप उरकत होती. मशीनला मी कपडे लावायला जावं, तर ते धुऊन होऊन दोरीवर वाळत पडलेले असायचे. मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलेलं असायचं. मी विसरत असेन, मीच केलं असेल आणि लक्षात राहिलं नसेल, असं मनाला सांगत होते. रात्रीची झोप नाही, अंगावर पिणारं मूल सुटलेलं, होतं असं बायकांना, माझी आईही म्हणते. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “मशीनचा आवाज गोड आहे गं तुझ्या. सकाळपासून चालू असतं.” तेवढ्या ‘गं’नं आणि ‘तुझ्या’नं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू घाबरल्या. “अगं, तक्रार नाही करत मी!” त्यांना काय सांगू? मला नवरा मान देतो म्हणून सांगू?

पण माझा खरा जीव टांगला होता तो ठकूत. अडीच वर्षांचं पोर, बोलायला नुकतं लागलेलं, जे ऐकेल ते उचलणारं. यांचं यांनी काय वाटेल ते म्हणावं, ते मी सोसलं असतं. पण पोरीनं हे शब्द उचलले तर? म्हणून मी दिवसभर तिला माझ्यासमोर बसवून घ्यायचे आणि विचारायचे, “मी कोण?”

“आई.”

“तू कोणाची?”

“आईची.”

“आई कुठंय?” असं विचारलं की ती माझ्या छातीवर बोट टोचायची. आमचा खेळच होता तो. मी तो खेळ इतका खेळले की पोर कंटाळली. मग एके दिवशी सकाळी तिची वेणी घालताना मी विचारलं, “आई कुठंय?” तिनं बोट उचललं, माझ्या छातीपर्यंत आणलं, आणि मग तिथं न टेकवता माझ्या खांद्यावरून मागं, स्वयंपाकघराकडे केलं. मी वळून बघितलं. ओट्यावर किटली होती, तिच्या तोंडातून वाफ येत होती. मी किटली लावलेली नव्हती. हे तोवर कामावर गेलेले होते.

मी यांच्या मागं लागले. म्हटलं, मला माहेरी दादाकडे जाऊ द्या थोडे दिवस, माझा जीव इथं घाबरा होतोय, आम्ही दोघी जाऊन येतो. हे लगेच म्हणाले, “जा की. अवश्य जा. तुम्हाला कोण अडवणार?”

“आणि ठकूला घेऊन जाते.”

हे कपाळाला आठी घालून, एखादी बाटली ठेवावी की टाकावी ते ठरेना की बघतात तसे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “ठकूचं मी विचारून सांगतो.”

“कुणाला?” मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.  कसं बोलावं या संकोचानं एवढंसं तोंड करून हे आत गेले.

त्यानंतर मी ठकूला क्षणभरही सोडली नाही. न्हाणीघरात जाताना बरोबर, कचरा टाकायला जाताना बरोबर, कडेवर वागवून माझी कंबर मोडायची वेळ आली. जायचा विचारही मी सोडून दिला, कारण तिला सोडून मला जायचं नव्हतं आणि न विचारता तिला न्यायची, तर कुणाला न विचारता, तेच मला समजत नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी ठकूला सर्दीनं खोकला झाला. औषधाची बाटली संपलेली. हे घरी होते, म्हटलं तुम्ही जाऊन आणा, तर यांचा पाय मुरगळलेला. बाहेर गार वारा सुटला होता, पोरीला त्यात न्यायला मन होईना. मी तिला यांच्या मांडीवर दिली, यांच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं की मांडीवरून उतरवणार नाही, दार नुसतं लोटून घेतलं आणि पळत जिना उतरले. दुकान कोपऱ्यावरच आहे. औषध घेतलं, सुटे पैसेसुद्धा न घेता पळत परत आले.

दार बंद होतं. आतून कडी लागलेली. मी ढकललं, हाका मारल्या, आणि शेवटी घंटीवर बोट ठेवलं. तेव्हा मला उमगलं की ही घंटी मी आजपर्यंत कधी वाजवलीच नव्हती. ती बाहेरून कशी ऐकू येते ते मला माहीतच नव्हतं.

यांनी दार उघडलं. मुरगळलेला पाय चांगला टेकत होता. माझ्याकडे बघून हे मनापासून हसले आणि बाजूला झाले. “या, या,” म्हणाले. मग मान वळवून आत, स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक दिली, “अगं, कोण आलंय बघ!”

किती दिवसांनी तो ‘अगं’ ऐकला मी. इतक्या दिवसांनी की क्षणभर मला वाटलं, मलाच हाक मारली, आणि मी “ओ” देणार होते. आत कपडे धुण्याचं मशीन फिरत होतं. त्या घरघरीखाली कुणीतरी भांडं ठेवल्याचा, पदराला हात पुसत थांबल्याचा, असा अगदी साधा आवाज झाला. मी आत धावणार, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ठकू आली. तिचं तोंड धुतलेलं होतं, वेणी कुणीतरी पुन्हा घातली होती, माझ्यापेक्षा सारखी. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला पेला धरून ती एकेक पाऊल जपून टाकत होती, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून, आणि माझ्यासमोर येऊन तिनं तो पेला वर केला.

“बसा,” ठकू म्हणाली. “आई येतेय.”

मी तिला उचलायला वाकले, तर ती भ्याली नाही, रडलीही नाही. नवीन माणसाच्या लाडाला मुलं जसं नाइलाजानं अंग देतात तसं तिनं मला अंग दिलं आणि पेल्यातल्या पाण्याकडेच बघत राहिली. अंग गरम होतं. खोकलाही तोच होता. तिला घेऊन पळावं असं मनात आलं, पण मला पक्कं कळलं की पळाले तर ती आईसाठी रडेल, आणि ते रडणं माझ्यासाठी नसेल.

मी तिला खाली ठेवली. दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसले, पेला हातात घेतला, आणि माझ्या कानांनी मला बोलताना ऐकलं, “कशाला त्रास घेतलास गं. आईला म्हणावं, सावकाश ये. मला काही घाई नाही.”